वेडी बाभूळ मुळासकट काढायची तर आधी वापसा पाहावा

मंगळवेढा आणि दक्षिण सोलापूरच्या काळ्या रानात ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली, की पुढच्या पेरणीपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, बरीचशी जमीन मोकळी असते, आणि याच काळात बांधालगत व पडीक तुकड्यांत वाढलेली वेडी बाभूळ, सुबाभूळ ट्रॅक्टरने उपटण्याचे काम शेतकरी हाती घेतात. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात ही जमीन दगडासारखी घट्ट झालेली असते. अशा वेळी ओढ दिली तर झाड जमिनीलगत मोडते, मुळाचा माथा आतच राहतो आणि पहिल्या पावसानंतर तेथूनच अनेक फुटवे येऊन एका झाडाचे झुडूप होते. म्हणून वळवाच्या किंवा मृगाच्या चांगल्या पावसाची वाट पाहावी. ओल फूटभर खाली उतरली पाहिजे, आणि मुठीत दाबलेले ढेकूळ हाताला न चिकटता फुटले पाहिजे; यालाच वापसा म्हणतात. चिखलात मात्र चाके जागीच फिरतात आणि रानही दाबले जाते. रब्बीच्या रानाला पेरणीची घाई नसल्यामुळे ही वाट पाहणे आपल्याला परवडते.

झाड आधी जमिनीबरोबर तोडून टाकणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण मग साखळी बांधायला खोडच उरत नाही. फांद्या छाटून कमरेइतका बुंधा ठेवावा, भोवती दीड फुटावर टिकावाने चर घ्यावा आणि उघडी पडलेली आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडावीत. माती लागून धार जाते, त्यामुळे या कामाला जुनी कुऱ्हाड बरी. मनगटाएवढ्या जाडीची झाडे त्यानंतर सहज निघतात. मांडीपेक्षा जाड बुंध्यासाठी जेसीबी बोलवावा. त्याचे भाडे ट्रॅक्टरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट साखळी कोठे अडकवायची ही आहे. ती फक्त ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढीच्या दांड्यालाच, अडकवावी. टॉप लिंकच्या (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) जागी, मागच्या ॲक्सलला किंवा सीटखालच्या भागाला कधीही अडकवू नये. ओढ ॲक्सलपेक्षा उंचावर बसली आणि झाड हलले नाही, तर मागची चाके अडतात, इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो आणि चालकाला काही कळायच्या आत ट्रॅक्टर मागे उलटून त्याच्या अंगावर येतो. पहिल्या लो गिअरमध्ये, साखळी हळूहळू ताणत, एकसारखी ओढ द्यावी. साखळी ढिली ठेवून झटका देऊ नये. पुढची चाके उचलल्यासारखी वाटताच क्लच दाबावा. झाड येत नसेल तर थांबून आणखी मुळे तोडावीत व दुसऱ्या बाजूने ओढावे.

नायलॉनचा दोर वापरू नये. तो ताणला जाऊन तुटला, तर चाबकासारखा मागे येतो. साखळी उभ्या झाडाच्या उंचीपेक्षा बरीच लांब असावी, तिच्या मधोमध ओले गोणपाट टाकावे आणि मदतनिसांनी, विशेषतः पाहायला आलेल्या मुलांनी, साखळीच्या लांबीइतक्या अंतराच्या आत उभे राहू नये. वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये सहज शिरतो, म्हणून छाटलेल्या फांद्या आधी बाजूला ओढून वाट मोकळी करावी. पाइपलाइन आणि ठिबकची मुख्य नळी कोठून गेली आहे तेही आधी पाहून घ्यावे.

बांधावरची झाडे मुळासकट उपटू नयेत, कारण मुळांनी धरलेली माती पावसात वाहून जाते. चिंच, आंबा, जांभूळ, चंदन ही झाडे वृक्षतोडीच्या कायद्यातील अनुसूचित वृक्ष आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडू नयेत.

सांगोला भागात मर (झाड वाळवणारा रोग) लागलेली डाळिंबाची झाडे काढताना काळजी वेगळी घ्यावी लागते. रोगट मुळे निरोगी ओळींतून फरपटत नेली तर रोग मातीबरोबर पसरतो, त्यामुळे ती जागच्या जागी गोळा करून बागेबाहेर जाळावीत आणि अवजारे धुऊनच पुढे वापरावीत.

वेड्या बाभळीचे मूळ जमिनीखाली किमान वीतभर खोलीपर्यंत निघाले आहे का, हे खड्ड्यात उतरून पाहावे. उरलेला माथा कुदळीने काढून मगच खड्डा मातीने दाबून भरावा, आणि ज्वारीच्या पेरणीपूर्वी एकदा फिरून जे कोंब दिसतील ते ओल्या जमिनीतून मुळासह उपटावेत.