पाळीव उंदराची घरघर कशी आटोक्यात आणली

नाकाडोळ्यांभोवती लाल डाग दिसला की आधी रक्तच वाटतं. ते रक्त नसतं, पॉरफायरिन म्हणजे डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं लालसर द्रव्य असतं; आजारपणात किंवा ताणात ते वाढतं. खरी खूण आवाजात. उंदीर कानाशी धरा: टकटक किंवा घरघर आली तर छातीत गडबड आहे. श्वासागणिक कुशी आत ओढल्या जात असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मूळ बहुधा मायकोप्लाझ्मा पल्मोनिस. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून त्या भित्तिकेवरच घाव घालणारं अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, कधी सोबत एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं. डॉक्सिसायक्लिन साधारण किलोला 5 मिलिग्रॅम, दिवसातून 2 वेळा. म्हणजे 400 ग्रॅमच्या उंदराला एका वेळी 2 मिलिग्रॅम. इतक्या बारीक मापात गोळी मोडण्याच्या फंदात पडू नका. पातळ औषध 1 मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या कडेने थेंबथेंब द्या. घाईत पिचकारी मारली तर ते श्वासनलिकेत जातं. दुधातून तर नकोच, कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. चौथ्या दिवशी आवाज थांबला तरी सांगितलेले 2-3 आठवडे पूर्ण करा. जंतू दबतो, समूळ जात नाही.

नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय गत्यंतर नाही, पण त्याचा ओला झोत थेट पिंजऱ्यावर नको. देवदाराचा भुसा काढून कागदाच्या पट्ट्या घाला, ओला कोपरा रोज बदला. लघवीतला अमोनिया श्वासनलिका जाळतो. वजन रोज किचनच्या काट्यावर.