अर्जासोबत शपथपत्र द्या, अंतरिम आदेश मागा

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (2005) कलम 12 चा (न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागण्याचा) अर्ज करताना कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेशही मागा, सोबत कायद्याच्या नियमांतल्या नमुना 3 मधलं शपथपत्र जोडा. कायद्यात निकालासाठी 60 दिवस लिहिलेत खरे, पण तारखा लांबतातच. अंतरिम आदेशाने मारहाणीला मनाई, घरात राहणं आणि खर्चाची रक्कम आधी मिळू शकते. गरज पटली तर समोरच्याला न ऐकताही.

अर्ज बहुतेक वेळा ‘सतत त्रास देतो’ अशा मोघम वाक्यावर अडतो. तारीख, वेळ, कुणी काय केलं, कुठे लागलं, कोण हजर होतं, एवढं लिहा. दवाखान्यात ‘जिन्यावरून पडले’ म्हणू नका. केसपेपरवर तेच उतरतं आणि उलटतपासणीत तोच कागद पुढे येतो.

माहेरी आला असाल तर तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. हिंसाचाराच्या घटनेचा अहवाल संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली सरकारने नेमलेले) भरून देतात, वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत. घर सासूच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. आदेशाची प्रतही मोफत मिळते, ती पोलीस ठाण्यात पोचली का ते स्वतः पाहा. संरक्षण आदेश (मारहाणीला मनाई करणारा) मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिवाला धोका वाटला तर कागद राहू द्या, आधी 112.