कवळी परत आली? दवाखाना आणि लॅब, दोघांनीही या चुका टाळा

परत आलेल्या कवळीसोबत बहुतेक वेळा एकच ओळ येते: "फिटिंग लूज, रिपीट करा." एवढ्यावर लॅबने नवीन कवळी करायला घेतली, तर दुसरीही परत येणार हे जवळपास ठरलेलं. लूज म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारलेलंच नसतं. जेवताना निसटते, जांभई देताना पडते, की गप्प बसल्यावरही हळूहळू सुटते? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

आपल्याकडे सिंधुदुर्गात त्यात अंतराची भर. दवाखाना देवगडला, लॅब कुडाळ-कणकवलीला, कधी घाट चढून कोल्हापूरला. डॉक्टर आणि टेक्निशियन वर्षानुवर्षं फोनवर बोलतात, पण एका टेबलाशी बसून एकही केस एकत्र पाहिलेली नसते. सगळा व्यवहार एक खोका, एक चिठ्ठी आणि एसटीचं पार्सल यांच्या भरवशावर.

फसलेली कवळी न पाठवता नुसतं नवं माप पाठवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पेशंटने कवळी घरी ठेवलेली असते, किंवा डॉक्टरांनी घासून घासून तिचा आकार बदललेला असतो. आणि लॅबला येतं ते फक्त नवीन माप, म्हणजे तोंडाचा साचा. चूक कुठे झाली ते सांगणारी वस्तू म्हणजे ती फसलेली कवळीच, आणि तीच टेबलावर नसते.

लॅबची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. फ्लास्कमधून (कवळीचा साचा धरणारा धातूचा डबा) कवळी सोडवताना मूळ मॉडेल (मापात ओतून केलेली हिरड्यांची प्रतिकृती) बहुतेक फुटतं, म्हणून फ्लास्क भरण्याआधी त्याची दुसरी प्रत काढून ठेवायची असते. अर्ध्या तासाचं काम, पण ते टाळलं जातं. प्रत असेल तर निम्मा वाद तिथेच मिटतो. कवळी त्या मॉडेलवर नीट बसते आणि तोंडात हलते, तर घोळ मापात किंवा मॉडेल ओतण्यात. मॉडेलवरच डगमगते, तर घोळ पॅकिंग (फ्लास्कमध्ये कवळीचं प्लास्टिक भरणं), क्युअरिंग (ते गरम पाण्यात पक्कं करणं) किंवा फ्लास्क गरम असताना उघडण्यात. टाळूच्या मागच्या बाजूला केसभर फट दिसली तर लगेच लॅबला धरू नका. अ‍ॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) थोडं आकसतंच, आणि ते तिथे दिसतं.

"लूज" लिहून मोकळं होणं

पेशंट आपल्या भाषेत बरोबर सांगतो. "डॉक्टरांनू, भाकरी चावूक गेलंय की खालची वर येता." या एका वाक्यात लॅबला लागणारी माहिती "लूज"पेक्षा कितीतरी जास्त आहे. ते वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवा.

वरची कवळी तोंड मोठं उघडल्यावर पडत असेल, तर कडा लांब आहेत किंवा ओठ-गालाच्या शिरेसाठी (ओठ-गाल हिरडीला जोडणारी घडी) खाच कमी पडली आहे. ते घासून सुटतं, रिपीट लागत नाही. काहीही न करता हळूहळू सुटत असेल, तर कडा आखूड आहेत किंवा पोस्ट डॅम नाही. पोस्ट डॅम म्हणजे टाळूच्या मागच्या कडेची हवाबंद पट्टी. ती कुठे संपवायची हे फक्त पेशंटच्या तोंडात बघून कळतं, त्यामुळे मॉडेलवर ती रेघ डॉक्टरांनीच मारायची. रेघ न मारता मॉडेल आलं की लॅब अंदाजाने खोदते, आणि अंदाज चुकला की वरची कवळी पडते. एका बाजूने चावताना दुसरी बाजू उचलत असेल, तर बाइट (वरचा-खालचा जबडा मिटल्यावर कसा जुळतो ते) किंवा दातांची जागा तपासा. खालची जीभ हलवताच वर येत असेल, तर जिभेकडची कड लांब आहे किंवा दात जिभेच्या जागेत लावले गेले आहेत.

एकाच ठिकाणी टोचतं ती किरकोळ गोष्ट. पण सगळी हिरडी दुखते, जबडा दमतो, बोलताना दात टकटक वाजतात, अशी तक्रार असेल तर उंची (दात मिटल्यावर दोन जबड्यांतलं अंतर) जास्त झाली आहे. जबडा सैल सोडल्यावर वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. ती उरली नाही की कितीही घासलं तरी पेशंट परत येतोच. उलट ओठांचे कोपरे मुडपलेले आणि चेहरा दबलेला दिसत असेल, तर उंची कमी पडली.

आणि हे लक्षात ठेवा: बैठक चांगली असून फक्त उंची किंवा दातांची जागा चुकली असेल, तर सगळं नव्याने माप घेण्याची गरज नाही. त्याच कवळीवर नवीन बाइट घ्या, लॅब दात काढून पुन्हा लावेल. पेशंटचे स्वतःचे दात काढून तीन-चारच महिने झाले असतील तर हाड अजून झिजत असतं. त्या केसला रिलाइन, म्हणजे त्याच कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर, पुरतं. अशा ठिकाणी रिपीट करणं म्हणजे पेशंटचा वेळ आणि लॅबचं अ‍ॅक्रिलिक, दोन्ही वाया.

अल्जिनेटचं माप पार्सलने पाठवणं

पार्सल उघडल्यावर दिसतं ते असं: वर्तमानपत्रात गुंडाळलेला ट्रे, कडेने सुटून वर आलेलं अल्जिनेट (माप घेण्याची पावडर पाण्यात कालवून केलेला लगदा), बोट लावलं की रबरासारखं कोरडं. त्यातून मॉडेल ओतलं तर ते होईल, पण ज्या पेशंटसाठी पाठवलं त्याच्या तोंडाचं नसेल. अल्जिनेट हवेत पाणी सोडून आकसतं आणि पाण्यात बुडवलं की फुगतं. म्हणून "ओल्या कापसात बुडवून पाठवलंय" हाही उपाय नाही. पाच दिवस टिकणारी अल्जिनेटं मिळतात, पण ती हवाबंद पिशवीत ठेवली तरच. साधं अल्जिनेट असेल तर १०-१५ मिनिटांत दवाखान्यातच स्टोन (मॉडेलसाठीचं कडक प्लास्टर) ओता, पाऊण-एक तासाने सोडवा आणि लॅबला मॉडेल पाठवा. रात्रभर मॉडेल मापातच ठेवून सकाळी काढलं तर पृष्ठभाग खडूसारखा पिठूळ निघतो.

मॉडेल ओतताना पाणी नजरेने घालू नका. डेंटल स्टोनला १०० ग्रॅमला साधारण ३० मिलिलिटर लागतं. मिश्रण पातळ केलं की ओतायला सोपं जातं आणि मॉडेल कच्चं होतं. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच पाण्याने भरलेली असते. डब्याचं झाकण उघडं राहिलं की स्टोन दमट होतो, घट्ट होण्याची वेळ बदलते आणि ताकद जाते. पावसाळ्यापुरते लहान डबे घ्या. अल्जिनेटचंही तेच. वर मे महिन्यात टाकीचं कोमट पाणी वापरलं तर ते हातातच घट्ट होतं.

निर्जंतुक करायचं तर माप धुऊन ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट फवारा, बंद पिशवीत १० मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा. आणि केलं असेल तर चिठ्ठीवर तसं लिहा. नाहीतर लॅब पुन्हा एकदा करते आणि माप दोनदा भिजतं.

मेणाचा बाइट उन्हात

एप्रिल-मेमध्ये एसटीच्या डिकीत मेणाचे रिम (बाइट घेण्यासाठी दातांच्या जागी लावलेल्या मेणाच्या कडा) मऊ होतात. मधे जरासा दाब आला की वरचा-खालचा संबंध सरकतो. बाहेरून काही दिसत नाही, ट्रायलला (मेणात दात लावून तोंडात घालून बघताना) सगळं उघडं पडतं. रिम मॉडेलवर बसवून, दोन्ही मॉडेलं एकमेकांना घट्ट बांधून पाठवा आणि शक्यतो सकाळच्या पहिल्या गाडीने. रिमवर मिडलाइन (मधली रेघ), कॅनाइन लाइन (सुळ्याची रेघ) आणि हसताना ओठ वर जातो ती रेघ, या तिन्ही हव्यात. मिडलाइन नसेल तर लॅब ती ओठाच्या शिरेवरून धरते, आणि ती शीर नाकाच्या रेषेत असेलच असं नाही.

चिठ्ठीवर फक्त आडनाव

"सावंत, वरची, ए-२, अर्जंट." एका आठवड्यात मालवण, कणकवली आणि सावंतवाडीहून तीन सावंत आले की लॅबने काय करायचं? पूर्ण नाव, वय, स्त्री की पुरुष, गाव आणि केस नंबर लिहा. शक्य असेल तर मॉडेलच्या तळावरही पेन्सिलीने नंबर टाका, कारण चिठ्ठी भिजते.

शेड, म्हणजे दातांचा रंग (ए-२ हा त्यातलाच एक नंबर), दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या भिंतीजवळ बघितलेली शेड फसवते. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा तर शेडची पट्टी दाताला किंवा ओठाला लावूनच काढा. पट्टी नसेल तर रंग कळवण्यासाठी त्या फोटोचा उपयोग नाही, फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दाबला जाणार नाही.

व्हॉइस मेसेजबद्दल माझं मत सरळ आहे. तो ऐकायला चांगला, शोधायला वाईट. फोनवर काहीही ठरलं, तरी शेवटचा शब्द चिठ्ठीवर लिहिलेलाच.

ट्रायल आटपून घेणं

आजी एकटी येते, आरशात बघते, "बरे आसत" म्हणते आणि ट्रायल पास होते. मग गणपतीला मुंबईहून मुलगा येतो आणि दात फार मोठे, फार पांढरे ठरतात. ट्रायलला घरातलं एक माणूस बोलवा, नाहीतर निदान फोटो पाठवून हो म्हणवून घ्या आणि चिठ्ठीवर पेशंटची सही घ्या. आधीची कवळी पंधरा-वीस वर्षांची असेल तर तीही त्या दिवशी बघा. झिजलेल्या दातांवर चावायची सवय झालेल्या माणसाला एकदम पूर्ण उंची दिली तर तो नवी काढून जुनीच घालणार.

लॅबचं गप्प बसणं

डॉक्टरांचा फोन लागला नाही म्हणून अंदाजाने दात लावणं, फाटलेलं माप "चालवून घेणं", या आमच्या धंद्यातल्या जुन्या सवयी. खराब माप ओतण्याआधी फोटो काढून पाठवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. डॉक्टर रागावले तर रागावले.

घाईत क्युअरिंगही बिघडतं. साधारण ७४ अंशांना दोन तास, मग उकळत्या पाण्यात एक तास, हा नेहमीचा क्रम. मोनोमर (अॅक्रिलिकमधला द्रव) १०० अंशांच्या जरा वर उकळतो, त्यामुळे थेट उकळतं पाणी दिलं की जाड भागात बुडबुडे धरतात. वेळ कमी दिला की मोनोमर शिल्लक राहतो आणि पेशंट तोंड जळजळतं म्हणून येतो. आपल्याकडे वादळी रात्री लाइट जाते. मधेच लाइट गेली तर किती वेळ पाणी किती गरम होतं याची नोंद ठेवा, नाहीतर गॅस आणि थर्मामीटर हाताशी ठेवा. फ्लास्क बाहेर काढून आधी हवेत निवू द्या, थेट गार पाण्यात टाकू नका. तयार कवळी कोरडी पाठवू नका, ओल्या कापसात, बंद पिशवीत पाठवा.

पैसे आणि तारखा नंतर ठरवणं

रिपीटचा खर्च कोणाचा, हे पहिली केस सुरू होण्याआधी लिहून ठेवा. लॅबची चूक असेल तर लॅब फुकट करून देईल, माप-बाइटची असेल तर दवाखाना भरेल, पेशंटने ट्रायल पास करून मन बदललं असेल तर त्याच्याशी डॉक्टर बोलतील. कारण कळत नसेल तर निम्मे-निम्मे. पेशंट खुर्चीत बसलेला असताना फोनवर हा हिशेब करू नका, आणि त्याच्यासमोर लॅबला दोषही देऊ नका. उद्या त्याच लॅबची कवळी त्याच्या तोंडात बसवायची आहे.

तारखांचं गणित सणांशी लावा. पहिलं माप, दुसरं माप, बाइट, ट्रायल, कवळी देणं, या पाच फेऱ्या, त्यानंतर टोचलं तर घासायला एक-दोन. आंबोली किंवा करूळ घाटात दरड आली की पार्सल एक-दोन दिवस अडकतं, पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं. गणपतीला कवळी हवी असेल तर आषाढातच पहिलं माप घ्या. श्रावण अर्धा सरल्यावर आलेल्या पेशंटला "गणपतीनंतर करू" सांगा, आणि तोपर्यंत त्याची जुनी कवळी रिलाइन करून द्या.