जुन्या पत्राचा मायना कसा वाचावा

घरच्या पेटीत आजोबा-पणजोबांची पत्रे सापडली, की आपण थेट मजकुराकडे वळतो. पण लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात थोर कोण आणि धाकटा कोण, हे जाणायचे असेल तर आधी मायना वाचावा. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, हे आईवडिलांसाठी, तीर्थस्वरूप, त्यांच्या जागी मानलेल्या वडीलधाऱ्यांसाठी, ‘वे. शा. सं.’ म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, विद्वान ब्राह्मणासाठी, आणि ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, प्रतिष्ठित गृहस्थासाठी. पुरुषाच्या उपाधीवरून त्याचा मान कळतो, स्त्रीच्या ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) यांवरून मात्र नवरा हयात आहे की नाही, एवढेच कळते.

कागद पेशवाईतला दफ्तरी असेल, तर शेवटही पाहावा. ‘जाणिजे’ असेल तर ती बहुधा वरून खाली गेलेली आज्ञा असते, ‘सेवेसी श्रुत होय, हे विज्ञापना’ ही खालून वर गेलेली अर्जी, आणि ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा’ हे बरोबरीच्या माणसाशी बोलणे.

सर्वांत सावकाश वाचावा तो वंदनाचा शब्द, कारण तो जातीवरून ठरे. नमस्कारावर ब्राह्मण आपला हक्क सांगत, मराठा मंडळींत रामराम चाले आणि महारांना जोहार करावा लागे. चोखोबांच्या अभंगातला ‘जोहार मायबाप’ त्याच रीतीतला आहे. मुंबईतले सोनार एकमेकांना नमस्कार करू लागले तेव्हा ब्राह्मणांनी हरकत घेतली, पेशव्यांनीही लिहिले, आणि कंपनी सरकारने २८ जुलै १७७९ च्या ठरावाने सोनारांना त्या वंदनाची मनाई केली. त्याच वर्षी जानेवारीत वडगावला कंपनीच्या फौजेने मराठ्यांपुढे हार खाल्ली होती. लढाई चालू असतानाही एका शब्दाच्या मालकीवर दोन्ही सरकारांचे एकमत व्हावे, हे मला त्या ठरावाइतकेच बोलके वाटते.

म्हणून ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हा नुसता ठरीव सांगाडा समजून पुढे जाऊ नये. पत्राची तारीख, गाव आणि लिहिणाऱ्याचे घराणे यांशी तो ताडून पाहावा. विसाव्या शतकातल्या पत्रात ‘जय भीम’ आढळला, तर तेथे जोहार कधी थांबला याचाही माग त्या घरच्या आधीच्या कागदांत घ्यावा. आणि मजकुरात ज्यांची नावे नुसती एकेरी आली आहेत, ती वेगळी टिपून ठेवावीत, कारण त्यांना उद्देशून लिहिलेले पत्र पेटीत बहुधा सापडणार नाही.