लेडीज सायकलला उसना दांडा

मुलीची लेडीज सायकल गाडीच्या मागच्या रॅकवर काही केल्या बसेना. रॅकला आडवा दांडा लागतो, हिचा पार खाली वाकलेला. तशीच तिरकी अडकवून यवतेश्वरचा घाट चढलो, तर पेडलने डिकीवर वीतभर ओरखडा काढला!

मग क्रॉसबार अडॅप्टर मागवला. म्हणजे काय, तर कमी-जास्त लांब होणारी नळी. एक टोक सीटखालच्या पाइपला, दुसरं हँडलच्या मानेला. हँडलकडचा आकडा सारखा घसरायचा. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, गच्च बसला. तरी नुसत्या नळीवर भरवसा नाही, फ्रेमलाही पट्टा आवळतोच. पुढचं चाकही बांधतो, नाहीतर हँडल वळतं.

परवा साताऱ्याहून कासपर्यंत नेली. वाटेत दोनदा उतरून हलवून पाहिली, जाम हलली नाही. तिथे पोचल्यावर नळी काढून डिकीत टाकली.