मोटरहोममध्ये पुन्हा भरता येणारी गॅसटाकी वापरताय? या चुका टाळा

सिलिंडर बदलून घ्यायची सवय आपल्या अंगात मुरलेली असते. रिकामा दिला, भरलेला आणला, रेग्युलेटर बसवला, शेगडी पेटली. पण तो भरलेला सिलिंडर आपल्या हातात येण्याआधी भरणा केंद्रात कुणीतरी त्याचं वजन केलेलं असतं, वॉशर पाहिलेला असतो, चाचणीची तारीख तपासलेली असते. मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, पुन्हा भरता येणारी टाकी बसवून आपण ती पंपावर ऑटोगॅसने (गाड्यांसाठी मिळणाऱ्या एलपीजीने) भरू लागलो की ही सगळी कामं आपल्याकडे येतात. मी स्वतःच्या आणि सोबत प्रवास करणाऱ्यांच्या गाड्यांत जे बिघाड पाहिले, त्यातले बहुतेक इथूनच सुरू झाले होते. टाकी नवी आली, वागणं मात्र सिलिंडर बदलणाऱ्याचंच राहिलं.

गेजवर अर्धी टाकी, तरी हीटर बंद

या बिघाडाने सगळ्यात जास्त माणसं गोंधळतात आणि मीही एकदा त्यात सापडलो होतो. डोंगरातला मुक्काम, बाहेर शून्याच्या आसपास थंडी. पहाटे हीटर आपोआप बंद पडला. शेगडी लावून पाहिली तर ज्योत लहान होत होत मिटली. गेजचा काटा मात्र बरोबर मध्यावर. आधी रेग्युलेटरवर संशय घेतला, मग नळीवर. शेवटी कप्पा उघडून टाकीला हात लावला, तेव्हा खालच्या अर्ध्या भागावर पांढरं दव गोठलेलं दिसलं. म्हणजे काटा खरं सांगत होता, टाकी खरंच अर्धी होती. फक्त आत उरलेला गॅस जवळजवळ सगळा ब्युटेन होता.

प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन साधारण शून्याला. पंपावरचा ऑटोगॅस म्हणजे बहुतेक ठिकाणी या दोघांचं मिश्रण, आणि त्याचं प्रमाण देशानुसार आणि ऋतूनुसार बदलतं. उष्ण भागात, उन्हाळ्यात ब्युटेन जास्त असू शकतो, कारण तिथे तो अडत नाही. टाकीतून आधी प्रोपेनच जास्त उडून जातो आणि उरलेल्या द्रवात ब्युटेनचं प्रमाण वाढत जातं. शिवाय द्रवाचा वायू होताना तो टाकीचीच उष्णता ओढून घेतो. त्यामुळे बाहेर ३-४ अंश असले तरी जोरात गॅस ओढणाऱ्या हीटरमुळे आतला द्रव शून्याखाली जाऊ शकतो. ६ किलोवॉटचा हीटर पूर्ण ताकदीवर तासाला साधारण ४८० ग्रॅम गॅस खातो. म्हणजे सलग चालला तर ११ किलोची टाकी जेमतेम एक दिवस पुरते. एवढी ओढ असेल तर टाकी गार पडणारच.

इथे दोन चुका होतात. पहिली, थंडीच्या भागात जाण्याआधी सखल, उबदार भागातच टाकी गच्च भरून घेणं. दूरदृष्टीचं वाटतं, पण होतं उलटंच. उरलेला गॅस आधी वापरून टाकी जमेल तितकी रिकामी करा आणि थंड भागातल्या पंपावर भरा. अर्ध्या टाकीवर भर घातली तर आतला ब्युटेन तसाच राहतो. दुसरी चूक फार धोक्याची आहे: टाकी गरम करायला जाणं. उकळतं पाणी ओतणारे, हेअर ड्रायर लावणारे, कप्प्यात छोटा हीटर ठेवणारे मी पाहिले आहेत. दाबाखालच्या टाकीशी हा खेळ अजिबात करू नका. हीटर कमीवर आणा, शेगडी आणि हीटर एकाच वेळी लावू नका, दिवसाचं ऊन कप्प्याला लागेल अशी गाडी लावा आणि पहिल्या संधीला जास्त प्रोपेन असलेलं हिवाळी मिश्रण भरा.

८० टक्क्यांचा हिशेब पंपावर नाही, तुमच्याकडे

द्रवरूप गॅस उष्णतेने पाण्याच्या कितीतरी पट जास्त फुगतो. म्हणून टाकी कधीही काठोकाठ भरायची नसते. आतला तरंगणारा गोळा द्रव ८० टक्क्यांवर आला की भरणं आपोआप थांबवतो आणि वरची २० टक्के जागा फुगण्यासाठी मोकळी राहते. म्हणूनच ज्यात हा स्वयंचलित अडसर नाही, असा साधा बदलीचा सिलिंडर अडॅप्टर लावून पंपावर भरणं ही चूक नव्हे, जिवाशी खेळ आहे. तिथे थांबवणारं काहीच नसतं.

अडसर असला तरी त्यावर डोळे मिटून विसंबू नका. गोळा अडकू शकतो. ११ किलोच्या टाकीत ८० टक्क्यांना साधारण २१ लिटर बसतात. पंपाच्या आकड्यावर नजर ठेवा. टाकी पूर्ण रिकामी होती आणि आकडा २१ च्या पुढे सरकू लागला, तर बटण सोडा. टाकी अर्धी असेल तर १०-११ लिटरलाच थांबायला हवं. दोन टाक्या एका तोंडातून भरत असाल तर दोघींचा मिळून हिशेब मनात मांडूनच नॉझल हातात घ्या. भरणं चढावर किंवा उतारावर नको, गाडी सपाटीवर हवी. कललेल्या टाकीत गोळाही चुकतो आणि गेजही. टाकी जास्त भरली असा संशय आला, तर काहीही पेटवू नका, गाडी उन्हात ठेवू नका आणि तंत्रज्ञाला बोलवा. जास्त भरलेल्या टाकीतून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये घुसू शकतो.

याच्या उलट तक्रारही येते: पंप चालतो, पण आकडा ४-५ लिटरवर रेंगाळून थांबतो. कडक उन्हात गाडी उभी असेल तर टाकीतला दाब चढलेला असतो आणि पंपाचा जोर त्यापुढे कमी पडतो. सकाळी गारव्यात पुन्हा प्रयत्न करा. तेव्हाही, आणि दुसऱ्या पंपावरही तसंच झालं, तर भरण्याच्या तोंडातली जाळी किंवा आतला गोळा तपासून घ्या.

पंपावर पोचण्याआधी

शेगडी आणि हीटर बंद करायचं सगळ्यांच्या लक्षात असतं. फ्रिज विसरतो. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये मागे एक ज्योत जळत असते, ती कुणाला दिसत नाही. काही फ्रिज इंजिन बंद झाल्यावर बॅटरीवरून आपोआप गॅसवर जातात. म्हणजे पंपासमोर इंजिन बंद करून आपण उतरतो आणि मागे ज्योत पेटू शकते. हे मला फार गंभीर वाटतं. फ्रिज हातानेच पूर्ण बंद करा आणि टाकीचा व्हॉल्व्हही बंद करा, तोही पंपावर नव्हे, त्याआधीच.

अडॅप्टर योग्य नसेल तर नॉझल बसतच नाही. युरोपात फिरताना इटली-फ्रान्समध्ये बशीसारखा, जर्मनीत आट्यांचा, नेदरलँड्समध्ये खिट्टीचा आणि स्पेनमध्ये युरो कनेक्टर, असे निरनिराळे प्रकार भेटतात. अडॅप्टर हातानेच घट्ट करा, पाना लावू नका, नाहीतर आटे झिजतात. आतला रबरी वॉशर हरवला की गॅस सुटतो. नॉझल काढताना थोडा गॅस फुस्सकन बाहेर येतोच, तो बर्फासारखा गार असतो, म्हणून हातमोजे हवेत. सुटण्याचा आवाज थांबलाच नाही, तर अडॅप्टर नीट बसला नव्हता किंवा तोंडातला, गॅस उलटा बाहेर येऊ न देणारा व्हॉल्व्ह गळतोय. मग तिथून तसंच निघू नका.

रेग्युलेटरमधलं चिकट तेल

ज्योत एका रात्रीत गेली तर थंडी पाहा. ज्योत महिनाभरात हळूहळू मंदावत गेली, तर तेल. नळीचं रेग्युलेटरकडचं टोक सोडवलं की बोटाला पिवळसर, मधासारखा चिकट पदार्थ लागतो. गॅसमधले जड अंश आणि रबरी नळीतून निघणारे घटक मिळून हा तयार होतो. रेग्युलेटर टाकीपेक्षा खाली बसवलेला असेल, किंवा नळीला मध्ये झोळ पडलेला असेल, तर तो सगळा उतरून रेग्युलेटरमध्येच जमतो.

रेग्युलेटर उघडून धुऊ नका. पेट्रोलने, अल्कोहोलने धुतलेला रेग्युलेटर काही दिवस चालतो आणि मग आतला पडदा दगा देतो. नवाच बसवा, मात्र बसवताना तो भिंतीवर टाकीच्या व्हॉल्व्हपेक्षा उंच घ्या आणि नळी टाकीकडे सलग उतरती ठेवा. स्टेनलेस स्टीलची नळी असेल तर रबराचा त्रास कमी होतो. नळीवर तारीख छापलेली असते, ती वाचा. टाकीवर पुढच्या चाचणीची तारीख कोरलेली असते, तीही.

नवा रेग्युलेटर लावून पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडताना घाई होते. झटक्यात उघडला की नळी फुटल्यास गॅस अडवणारा सुरक्षा-अडसर चुकून बंद होतो, आणि आपण रेग्युलेटर खराब निघाला म्हणून परत करायला जातो. बंद करा, मिनिटभर थांबा, हळूहळू उघडा. नव्याकोऱ्या टाकीत हवा असते. ती काढून टाकल्याशिवाय पेटवलं तर ज्योत पुन्हा पुन्हा विझते. ते काम टाकी बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

कप्प्यातल्या जमिनीची भोकं

हा गॅस हवेपेक्षा जड. प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा तळाशी पसरतो. म्हणून गॅसच्या कप्प्याला खाली, थेट जमिनीकडे उघडणारी भोकं असतात आणि राहत्या भागाशी तो कप्पा बंद असतो. माझ्याबरोबर असलेल्या एका कुटुंबाने टाकी खडखडू नये म्हणून कप्प्यात जाड रबरी चटई अंथरली होती. चटई नीट कापून, कोपऱ्यापर्यंत बसवलेली, खूप मनापासून केलेलं काम. तिच्याखाली दोन्ही भोकं बुजली होती. त्यांना आम्ही चटई उचलून दाखवलं, तेव्हा ताईंनी तिथल्या तिथे कात्रीने ती जागा कापून काढली. टाकी हलू नये यासाठी पट्टा आहे, तो आवळा.

प्रत्येक वेळी काही सोडवून पुन्हा जोडलं की साबणाचं पाणी ब्रशने सांध्यावर लावून बुडबुडे पाहा, आणि एखाद्या सांध्यावर बुडबुडा आला की व्हॉल्व्ह बंद करून तो सांधा पुन्हा पाहा. काडी पेटवून गळती शोधणं कधीच नको.