नाताळचं दान: ब्लँकेटं विकत घ्यायच्या आधी

डिसेंबर अर्धा सरला की इंदूरचा रात्रीचा गारठा बोचू लागतो आणि आमच्या चर्चच्या मंडळीत ब्लँकेटवाटपाचा विषय निघतो. एका वर्षी आम्ही चाळीस ब्लँकेटं घेऊन सरवटे बस स्टँडजवळ गेलो. वीस मिनिटांत वाटप संपलं, फोटो निघाले. परतताना पाहिलं तर एका आजोबांच्या उशाशी तीन ब्लँकेटं आणि दोन हातांवर एक बाई पदर लपेटून कुडकुडत बसलेली. आमच्या आधी आणखी कोणीतरी वाटून गेलं होतं. त्या वर्षापासून आम्ही कामाचा क्रमच बदलला.

सुरुवात डब्यापासून. नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार येतात. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितलं होतं की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. तेच करायचं. डबा जेवणाच्या टेबलावर ठेवा, पैसे मुलांच्या हातून टाकायला लावा. फराळातला एखादा पदार्थ गाळलात तर त्याचेही पैसे त्यात. (करंज्या गाळायच्या नाहीत, हा आमच्या आईचा हुकूम.) एखाद्या संस्थेला देणगी देऊन प्राप्तिकरात वजावट घ्यायची असेल, तर 2,000 रुपयांच्या वरची रक्कम रोख देऊ नका, चेक किंवा यूपीआयने द्या आणि पावती मागून घ्या.

पहिल्या दोन रविवारांच्या मधल्या आठवड्यात विचारपूस करायला जा, तीही रिकाम्या हाताने. पिशवी दिसली की गर्दी होते आणि गर्दीत कोणी खरं बोलत नाही. आम्ही सरकारी इस्पितळांच्या आवारात जातो. एम. वाय. हॉस्पिटलला धार, झाबुआ, खरगोनकडून पेशंट येतात. आत एक खाटेवर, बाहेर घरचे दोघं-तिघं. शेजारी बसायचं, चहा सांगायचा आणि विचारायचं, “काका, रात को क्या दिक्कत होती है?” मराठीचा इथे उपयोग नाही, कधी हिंदीही तोकडी पडते, समोरचा भिलीत बोलतो. उत्तरं ऐकून आमची यादीच बदलली: साबण, बाळंतिणीसाठी धुतलेलं सुती लुगडं, मोबाईलचा चार्जर, परतीचं बसभाडं. ब्लँकेट मागणारेही असतात, पण सगळेच नाही.

आणि कागद! समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळखक्रमांकात) नावाची चूक, आयुष्मान कार्ड निघालेलं नाही, अंगठा लागत नाही. मंडळीतल्या कॉलेजच्या मुलांना या कामाला लावा. एक दुपार कुणाबरोबर रांगेत उभं राहणं हेही दानच आहे, आणि माझ्या मते ब्लँकेटापेक्षा मोठं. कॅथलिक संन्यासिनी सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगरच्या बाजूला भूमिहीन मजुरांमध्ये हेच करत होत्या: सावकाराच्या कर्जातून सुटायची वाट दाखवायची, हक्काच्या सरकारी योजना समजावून द्यायच्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांचा खून झाला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं.

प्रत्यक्ष द्यायला रात्री दहानंतर निघा, दोघं-दोघं मिळून. दिवसा अंगावर ब्लँकेट नसलेला माणूस रात्री नेमका कुठे झोपतो, ते तेव्हाच कळतं. आधी बायका-मुलं. झोपलेल्याला उठवू नका, पांघरूण घालून पुढे चला. फोटो नको: उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे आपल्यालाच सांगितलेलं आहे. पिशवीत पत्रकं, वचनांची कार्डं घालू नका. मध्य प्रदेशात 2021 चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि आमिष दाखवून धर्मांतर करता असा आरोप व्हायला वेळ लागत नाही, हे एक कारण. पण कायदा नसता तरी मी हेच म्हणाले असते. साबणाबरोबर अट आली की तो साबण विकत घेतल्यासारखाच. कोणी आपणहून विचारलं, “आप कौन लोग हो?”, तर नाताळ आहे म्हणून आलो, एवढं उत्तर पुरतं.

25 तारखेला उपासना, सलाम, घरोघरचा फराळ. त्या दिवशी वाटपाचा घाट घालू नका, तशीही त्या दिवशी वाटणाऱ्यांची कमी नसते. 26 तारीख मोकळी ठेवा. तो संत स्तेफनाचा दिवस. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जातात अशी कुरकुर झाली, तेव्हा ते काम नीट व्हावं म्हणून जे सात जण निवडले, त्यांतला हा पहिला. आमची वही त्या दिवशी निघते. एका रकान्यात कुणाला काय दिलं, दुसऱ्यात कोण राहिलं. डब्यात उरलेले पैसे दुसऱ्या रकान्यासाठी असतात, आणि थंडी तर जानेवारीभर असतेच.

गेल्या वर्षी त्या रकान्यात आमच्याच चर्चच्या रात्रपाळीच्या चौकीदाराचं नाव निघालं.